निखाऱ्यावरील मटण आणि घेवडा : घरगुती रात्रभोजनाचा पाकशास्त्रीय विचार

प्रस्तावना :
पाश्चात्त्य आहारातील 'स्टेक' म्हणजे प्राण्याच्या स्नायूचा तंतूंना आडवा कापलेला, प्रखर आचेवर भाजलेला अखंड तुकडा होय. त्यासोबत शिजविलेल्या शेंगा किंवा बिया वाढण्याची प्रथा आहे. महाराष्ट्रात 2015 च्या कायद्यानुसार गायीबरोबरच बैल व वळू यांच्या कत्तलीसही बंदी असल्याने आपल्याकडे या पदार्थाचा विचार शेळीच्या मांसाच्या अनुषंगाने करणे अधिक योग्य ठरते. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात त्याची दोन्ही अंगे घरचीच आहेत. दूध व मांस या दोन्हींसाठी पाळली जाणारी संगमनेरी शेळी याच परिसरातील असून तिच्या सुधारणेचे कार्य राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात झाले आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे (पद्मश्री, 2020) यांनी जतन केलेल्या स्थानिक बियाण्यांत वाल-घेवड्याच्या अनेक वाणांचा समावेश आहे.

मांस भाजण्याची प्रक्रिया :
मांसाचा पृष्ठभाग तापून कोरडा झाल्यावर अमिनो आम्ले व शर्करा यांच्यात अभिक्रिया होऊन तांबूस रंग व खमंग वास निर्माण होतो. फ्रेंच शास्त्रज्ञ मेयार यांनी 1912 मध्ये या अभिक्रियेचे वर्णन केले. पृष्ठभाग ओला असेल तर उष्णता पाणी आटविण्यातच खर्च होते. म्हणून भाजण्यापूर्वी तुकडे फडक्याने टिपून घ्यावेत. शेळीच्या मांसात संयोजी ऊती असतात व त्या मऊ होण्यास वेळ लागतो. म्हणून कोवळ्या जनावराच्या मांडीचे पातळ काप घेणे इष्ट. जून मांस रश्शातच बरे. कच्च्या पपईतील पपेन तंतू सैल करते, परंतु ते मुख्यतः पृष्ठभागावरच कार्य करते. रात्रभर लावून ठेवल्यास बाहेरून लगदा व आतून चिवटपणा, असा अनुभव अनेक गृहिणी सांगतील! अखंड कापाचे आतील तापमान किमान 63 अंश सेल्सिअस व्हावे आणि त्यानंतर तीन मिनिटे तो तसाच ठेवावा. चरबी निखाऱ्यावर ठिबकून ज्वाळा उठल्यास धुरातील अपायकारक संयुगे मांसावर बसतात. म्हणून राख धरलेल्या निखाऱ्यावरच भाजावे. कोळशाची शेगडी बंद खोलीत कदापि पेटवू नये, कारण कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाही व वासही नाही. अंगण नसल्यास गॅसवरील बिडाचा तवा पुरेसा आहे.

घेवड्याच्या बियांविषयी दक्षता :
या भागाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते, आणि धोका मात्र येथेच अधिक आहे. लाल राजम्यात, म्हणजे वाळलेल्या घेवड्याच्या तांबड्या दाण्यांत, फायटोहिमॅग्लुटिनिन हे विषारी प्रथिन असते. अर्धवट शिजलेले थोडे दाणेही काही तासांत उलट्या-जुलाब घडवितात. मंद आचेवर, उकळी न येता शिजविल्यास हे प्रथिन नष्ट होत नाही. दाणे किमान पाच तास भिजवावेत, ते पाणी फेकावे व नव्या पाण्यात प्रथम चांगली खळखळून उकळी द्यावी. प्रेशर कुकर तर अधिक सोयीचा. चिंच, आमसूल अथवा टोमॅटो दाणे मऊ झाल्यावरच घालावेत, कारण आम्लामुळे दाणे टणक राहतात. कडव्या वालाबाबतही भिजविणे, मोड आणणे व पाणी बदलणे ही आपल्याकडील जुनी रीत शास्त्रशुद्धच आहे.

आहारदृष्ट्या मूल्य :
कडधान्यातील लोह शरीरात अल्प प्रमाणात शोषले जाते. त्याच जेवणात थोडे मांस असल्यास हे शोषण वाढते. लिंबू पिळल्यानेही तोच लाभ होतो. त्यामुळे मटण महाग असता एका व्यक्तीस दोन-तीन काप व वाटीभर घेवडा, सोबत बाजरीची भाकरी, एवढे रात्रीसाठी पुरे. जेवणानंतरचा चहा मात्र तासभर पुढे ढकलावा, कारण त्यातील टॅनिन लोहशोषणास अडथळा आणते.