खाणीतला हात सांभाळायचा कसा?

खाणीतला अपघात म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर स्फोट किंवा कोसळणारं छत येतं ना? पण खाणकामगारांचे हात जखमी करणारी कितीतरी अवजारं अगदी साधी असतात: हातोडा, छिन्नी, पाना, पहार.

१९५२ च्या खाण कायद्यात साध्या इजेसाठी ७२ तासांची मर्यादा होती. तेवढा वेळ कामगार कामावर येऊ शकला नाही, तरच ती वर कळवावी लागत असे. म्हणजे बोटाला पट्टी बांधून दुसऱ्याच दिवशी हजर झालेला माणूस या आकड्यांत दिसत नसे.

कारणं ओळखीची आहेत. घाव बसून बसून छिन्नीचं डोकं पसरतं आणि त्याची कपची उडून डोळ्यात जाते. दांडा सैल असला की हातोडा निसटतो. छताचे सैल दगड पाडताना पहार आखूड पडली, तर माणूस दगडाखालीच उभा राहतो. वर्षानुवर्षं थरथरतं ड्रिल धरल्याने बोटं बधिर होतात, थंडीत पांढरी पडतात.

उपायही सोपे आहेत: पाळीआधी अवजार तपासणं, खराब असेल तर परत करणं, गॉगल वापरणं. पण त्यासाठी वेळ मिळायला हवा आणि परत करणाऱ्याला कामचुकार म्हणणं थांबायला हवं.

तुमच्या घरातलं कोणी चंद्रपूर, वणी किंवा धनबादच्या खाणीत आहे का? मग आज त्यांचे हात नीट बघा. बोटांना मुंग्या येतात का, विचारा. धनुर्वाताचं इंजेक्शन चुकवू देऊ नका. आणि जखम लहान असली तरी नोंदवायला सांगा. उद्या त्रास वाढला, तर तीच नोंद पुरावा म्हणून हाताशी असेल.