आजारी मांजर आणि घरचा जमाखर्च

मध्यम परिस्थितीच्या कुटुंबाच्या जमाखर्चात वाण्याचे बिल, दूध, शाळेची फी आणि वीज यांच्या जागा ठरलेल्या असतात. मांजराला त्या वहीत जागा नसते. ते पावसाळ्यात कधीतरी दारात आलेले असते, मुलांनी त्याच्यापुढे बशी ठेवलेली असते आणि वर्षभरात ते घरचेच होऊन गेलेले असते. मग एके दिवशी ते खाणे सोडते, कपाटाखाली जाऊन बसते, आणि पशुवैद्य खर्चाचा जो आकडा सांगतो तो कर्त्या माणसाच्या निम्म्या पगाराच्या घरात जातो. त्या संध्याकाळी घरात दोन पक्ष पडतात. मुले डोळे पुसत असतात. आजोबा म्हणतात, ‘मांजरासाठी का कोणी एवढा पैसा घालतो?’ दोघांपैकी कोणाचेही म्हणणे अगदीच खोटे नसते.

अशा वेळी पैशाचा प्रश्न सर्वांत आधी उभा राहतो. वास्तविक त्याची पाळी तिसरी असावयास हवी. रोग कोणता, हा पहिला प्रश्न. तो बरा होण्यासारखा आहे काय, हा दुसरा. या दोहोंची उत्तरे मिळाल्यावाचून खर्चाच्या आकड्याला काही अर्थ नसतो, कारण प्रत्येक रोगाचा खर्च आपापल्या परीने येतो.

काही रोगांत खर्च एकदम येतो आणि बहुधा तेथेच संपतो. बोक्याची लघवी अडणे हे त्याचे नेहमीचे उदाहरण. बोक्याचा मूत्रमार्ग टोकाशी फार अरुंद असतो. खड्याचे बारीक कण किंवा चिकट द्रव्याचा गोळा तेथे अडकला की मूत्राशय तुंबते. बोका वारंवार मातीच्या पेटीत जाऊन बसतो, कण्हतो, आणि घरच्यांना वाटते की त्याला मलावरोध झाला आहे. इकडे रक्तातील पोटॅशियम वाढत जाते, हृदयाची गती बिघडते आणि दोन-तीन दिवसांत प्राणी दगावतो. भूल देऊन नळी घालणे, शिरेतून सलाईन देणे आणि दोन-तीन दिवस दवाखान्यात ठेवणे हा त्यावरील उपचार आहे. खर्च मोठा असला तरी वेळेवर नेलेला बोका बहुधा वाचतो. हा विकार उलटू शकतो, हे मात्र ध्यानात ठेवावे लागते.

काही रोगांत आशा पुष्कळ असते, पण खर्च लांबत जातो. मांजरांच्या सांसर्गिक उदरावरणदाहाचा, म्हणजे पशुवैद्य ज्याला एफआयपी म्हणतात त्याचा, इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. हा रोग मुख्यत्वे लहान वयाच्या मांजरांना होतो, आणि काही वर्षांपूर्वीपर्यंत त्याचे निदान म्हणजे मरणाची वर्दीच समजली जाई. कॅलिफोर्नियातील निल्स पेडरसन आणि त्यांचे सहकारी यांनी २०१९ साली जीएस-४४१५२४ या औषधाचे प्रयोग प्रसिद्ध केले. ३१ आजारी मांजरांपैकी २६ मांजरांनी १२ आठवड्यांचा उपचार पूर्ण केला आणि त्यांतील बहुतेक बरी झाली. हे औषध वजनाच्या प्रमाणात द्यावे लागते. त्यामुळे मांजर सुधारून त्याचे वजन वाढू लागले की मात्राही वाढते आणि खर्चही वाढतो. येथे पहिल्या आठवड्याच्या बिलावरून निर्णय करणे म्हणजे स्वतःची फसवणूक होय. बाराही आठवड्यांचा हिशोब आधी मांडला पाहिजे. औषध अर्ध्यावर सोडले तर पैसा जातो आणि मांजरही जाते.

वृद्ध मांजराच्या मूत्रपिंडाचा जुना विकार याहून वेगळा आहे. तो बरा होत नाही. मूत्रपिंडाचे बरेचसे कार्य नष्ट झाल्यावरच त्याची लक्षणे दिसू लागतात. परंतु योग्य आहार आणि कातडीखाली दिलेले सलाईन यांच्या आधारे अनेक मांजरे पुढे काही काळ सुखाने काढतात. असे सलाईन घरी कसे द्यावे हे पशुवैद्य शिकवू शकतात, आणि ते शिकून घेतल्यास रोजची दवाखान्याची फेरी वाचते.

खर्चाच्या भीतीने केलेली दिरंगाई मात्र बहुधा सर्वांत महाग पडते. लठ्ठ मांजराने काही दिवस अन्न सोडले तर त्याच्या यकृतात चरबी साचते, आणि मूळच्या लहान आजारावर दुसरा मोठा आजार चढतो. घरगुती औषधांचा मोह तर त्याहूनही घातक. माणसांसाठी असलेली पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळीदेखील मांजराचा प्राण घेऊ शकते. हे औषध पचवून निरुपद्रवी करण्याची शक्ती त्याच्या यकृतात नसल्यासारखीच असते, आणि त्याच्या रक्ताला प्राणवायू वाहून नेता येईनासा होतो.

पशुवैद्यापुढे पैशाविषयी बोलण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. एकूण खर्च अंदाजे किती, त्यातील आज आवश्यक कोणता, कोणती तपासणी केल्याने उपचार बदलेल आणि कोणती केवळ खात्रीसाठी आहे, हे विचारावे. ‘आमच्याने इतके होईल’ असे स्वच्छ सांगितल्यास पुष्कळदा मधला मार्ग निघतो. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने केवळ गाईम्हशींसाठी नसतात. पशुवैद्यक महाविद्यालयांना जोडलेल्या रुग्णालयांतही चौकशी करण्यासारखी असते. इंदूरकरांना महूचे महाविद्यालय जवळ आहे, वडोदरेकरांना आणंदचे, आणि हैदराबादकरांना राजेंद्रनगरचे.

तरीही कर्तव्याची मर्यादा कोठे संपते, हा प्रश्न उरतोच. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा भारतातील कायदा १९६० सालचा आहे. त्याच्या ३ ऱ्या कलमान्वये, ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याने त्याच्या सुस्थितीसाठी आणि निष्कारण यातना टाळण्यासाठी सर्व वाजवी उपाय योजावयाचे असतात. ‘वाजवी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कायदा दागिने गहाण टाकावयास सांगत नाही. पण उपेक्षेलाही मोकळीक देत नाही. धर्मबुद्धीचा विचारही याहून फार निराळा नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात प्राण्यांना विनाकारण पीडा देणे मनुष्यत्वाला न शोभणारे मानले आहे, आणि माणसाच्या दुःखनिवारणासाठी जो पैसा आधी जावयास हवा तो प्राण्यांवर उधळणेही अनुचित ठरविले आहे. मुलाची फी किंवा आजीचे औषध थांबवून मांजराचा उपचार करावा लागत असेल, तर तो न करणाऱ्या माणसाला निर्दय म्हणता येणार नाही.

उपचार न परवडणे याचा अर्थ यातनांत सोडून देणे असा मात्र नव्हे. आशा उरली नसेल तर वेदनाशामक औषध देऊन शेवटचे दिवस सुसह्य करता येतात. तेही शक्य नसेल तेव्हा पशुवैद्याच्या हातून सुईने शांत मरण देता येते. प्राण्याची शुद्ध आधी जाते आणि हृदय मागून थांबते. मुलांना अशा वेळी ‘मांजर पळून गेले’ असे सांगू नये. ती कित्येक दिवस दाराकडे पाहत राहतात. खरे सांगितले म्हणजे ती रडतात, पण त्या निर्णयात आपलाही वाटा होता हे त्यांना कळते.

म्हणून मांजर घरात स्थिरावले की जमाखर्चाच्या वहीत त्याच्या नावाची एक ओळ घालावी आणि दरमहा जमेल ती लहानशी रक्कम बाजूला ठेवावी. तीतून प्रथम लसी टोचून घ्याव्यात. उरलेले पैसे डब्यात राहू द्यावेत. पुढे एखाद्या रात्री बोका मातीच्या पेटीत बसून कण्हू लागला, तर सकाळची वाट न पाहता त्याला उचलण्याचे धैर्य त्या डब्यामुळे येते.