‘पोहता येणे’ आणि ‘पोहवणे’ : बीड जिल्ह्यातील प्रौढांच्या जलतरणशिक्षणासंबंधी काही विचार

‘पाण्यात पडले की पोहता येते’ ही उक्ती मराठी भाषिकांच्या तोंडी इतकी रुळलेली आहे, की तिच्या शब्दार्थाकडे सहसा कोणी पाहत नाही. नव्या नोकरीवर रुजू होणाऱ्याला, पहिल्यांदा वर्गापुढे उभ्या राहणाऱ्या शिक्षकाला आणि विशेषेकरून सासरी निघालेल्या मुलीला ती ऐकविली जाते. (ज्या मुलींना गावच्या विहिरीत उतरण्याची मुभा क्वचितच मिळाली, त्यांनाच हा दाखला द्यावा, हा लोकव्यवहारातील एक विनोदच म्हणावयाचा.) शब्दशः घेतल्यास ही उक्ती सहा-सात वर्षांच्या पोरापुरती बहुधा खरी ठरे, तीही काठावर कोणी जाणता दोर धरून उभा असेल तर. चाळिशीला टेकलेल्या माणसाच्या बाबतीत ती खरी ठरत नाही. असे का व्हावे, याचे उत्तर काही अंशी शरीराच्या धर्मात आहे आणि काही अंशी ते मराठी क्रियापदांच्या रूपांत नोंदले गेलेले आहे.

बीड जिल्ह्यात पोहणे शिकण्याचे स्थान म्हणजे प्रामुख्याने विहीर. गोदावरी जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहते. सिंदफणा, बिंदुसरा, मांजरा या नद्या उन्हाळ्यात रोडावतात. तेव्हा चैत्र-वैशाखात शाळा सुटल्या, की पोरांचा मुक्काम मळ्यातील विहिरीवर असे. पाठीला वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याचे हलके लाकूड, पुढच्या काळात रॉकेलचा रिकामा डबा, त्याहून अलीकडे ट्यूब अथवा प्लास्टिकचा कॅन बांधावयाचा. कमरेला दोर अडकवावयाचा. आणि चुलत्याने किंवा थोरल्या भावाने बेसावध पोराला खाली लोटावयाचे. पोर गटांगळ्या खाई, नाकातोंडात पाणी जाई, आणि काही दिवसांत डबा सुटे. त्यानंतर सूर मारणे, मुटका मारणे, बुडी मारून तळाची माती वर आणणे हे सारे ओघाने येई. विहिरीची खोली ‘परसा’त, म्हणजे माणसाच्या उंचीत, मोजण्याची रीत लक्षात घेतली, तर माणसाचा देह हेच पाण्याचे माप होते, हे ध्यानी येते. बोलीत ‘पोहणे’ऐवजी ‘पवणे’, ‘पव्हणे’ ही रूपे ऐकू येतात. त्यांना अशुद्ध म्हणून हसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे, की संस्कृत ‘प्लु’ या धातूच्या ‘प्लवते’ या रूपातील वकार या ग्रामीण रूपांनी सांभाळला आहे. प्रमाण भाषेने तो गमावला.

ही शाळा हळूहळू मोडली. तिचे दिवस उन्हाळ्याचे, आणि विहिरी आटण्याचेही दिवस तेच. १९७२ चा दुष्काळ वृद्धांच्या स्मरणात आहे. २०१२-१३ चे अवर्षण आणि २०१४ ते २०१६ ही वर्षे तरुणांनी अनुभविली. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्यातच विंधन विहिरींनी भूजल खोल नेले, आणि विंधन विहिरीत माणूस सोडाच, घागरही बुडत नाही. आटलेल्या विहिरीच्या तळाशी उरलेल्या कमरेइतक्या पाण्यात काळ्या कातळावर सूर मारणे म्हणजे मान मोडून घेणे होय. अशा उन्हाळ्यांत ज्यांचे पोहण्याचे वय निघून गेले, ती पिढी आज प्रौढ आहे.

पाणी मात्र जिल्ह्यातून नाहीसे झाले नाही. त्याचे रूप पालटले. सिंदफणेवरील माजलगावचे धरण, मांजरेवरील धनेगावचे धरण यांचे पाणफुगवटे आहेत. ‘मागेल त्याला शेततळे’ ही राज्य शासनाची योजना २०१६ साली सुरू झाल्यापासून शिवारात तळी वाढली. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जाणारी कुटुंबे वर्षातील कित्येक महिने कालव्यांच्या आणि बारमाही नद्यांच्या आसपास राहतात. पोहणे न येणाऱ्यांचा पाण्याशी संबंध अशा रीतीने कमी न होता अनेक ठिकाणी वाढलाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मृत्यू पावली. तेव्हा प्रौढाचे पोहणे शिकणे हा केवळ हौसेचा विषय नव्हे.

आता व्याकरणाकडे वळू. मराठीत सामर्थ्य दाखविण्याच्या दोन रीती आहेत. ‘त्याला पोहता येते’ या वाक्याने शिकून मिळविलेली विद्या सांगितली जाते. ‘त्याला पोहवते’ या वाक्याने देहामनाची त्या क्षणीची शक्ती सांगितली जाते. परंपरागत व्याकरण या दुसऱ्या रूपाला शक्य क्रियापद म्हणते. ‘मूल पाण्यात पोहवणे’ यासारख्या प्रयोजक रूपाशी त्याची गल्लत करू नये. ज्याला पोहता येते, पण अंगात ताप आहे, त्याला ‘आज पोहवत नाही’. दोन्ही वाक्यांत कर्ता चतुर्थीत जातो. विद्या आणि शक्ती या दोन्ही गोष्टी त्याच्याकडे येतात, तो केवळ इच्छेने त्या घडवून आणत नाही. विहिरीत लोटलेल्या पोराच्या ठायी हे दोन अर्थ जवळजवळ एकदमच सिद्ध होत. प्रौढाच्या ठायी त्यांची फारकत होते. छातीभर पाण्यात हातपाय बिनचूक मारणारा माणूस पायाखालचा ठाव सुटताच ताठरतो. त्याला पोहता येते; पोहवत नाही.

याचे कारण पाण्याच्या वागणुकीत शोधले पाहिजे. फुप्फुसे हवेने भरलेली असता बहुतेक माणसांच्या देहाची घनता गोड्या पाण्याहून किंचितच कमी असते, म्हणून देहाचा अगदी थोडा भाग पाण्यावर राहतो. श्वास पूर्ण सोडल्यास बहुतेकांचा देह बुडू लागतो. समुद्राचे पाणी सुमारे अडीच टक्के जड असल्यामुळे कोकणच्या किनाऱ्यावर तरंगणे त्या मानाने सुलभ. बीडच्या विहिरीत ही सवलत नाही. शिवाय वर उचलणारी हवा छातीत असते आणि जड हाडे-स्नायू मांड्यांत. भ्यालेला माणूस डोके पाण्याबाहेर काढू पाहतो. बाहेर आलेल्या डोक्याचे चार-पाच किलो वजन पाणी पेलत नाही. ते देहावर पडते, पाय खाली जातात, देह उभा होतो आणि नाक पुन्हा पाण्याखाली येते. जीव वाचविण्यासाठी केलेली धडपडच अशी बुडविते. भरीस भर म्हणून नवशिका श्वास कोंडून धरतो. गुदमरण्याची भावना प्राणवायू संपल्यामुळे नव्हे, तर रक्तात कर्बद्विवायू साठल्यामुळे प्रथम उद्भवते. म्हणून श्वास धरणाऱ्याला भीती लवकर गाठते. पाण्यात तोंड घालून नाकातोंडाने सावकाश श्वास सोडण्याचा सराव हा प्रौढाच्या शिक्षणाचा पहिला धडा होय. हातपाय मारणे त्यानंतरचे.

या बाबतीत एक जुना सल्ला उल्लेखनीय आहे. बेंजामिन फ्रँकलिन यांनी, आपले शिकण्याचे वय उलटले असे मानणाऱ्या एका गृहस्थास लिहिलेले पत्र १७६९ साली प्रसिद्ध झाले. हळूहळू खोल होत जाणाऱ्या पाण्यात छातीपर्यंत जावे, काठाकडे तोंड करून उभे राहावे, आपल्या आणि काठाच्या मध्ये पाण्यात एक अंडे टाकावे आणि डोळे उघडे ठेवून ते उचलण्यासाठी बुडी मारावी, असे त्यात सुचविले आहे. बुडी मारणाऱ्यास आढळते, की तळाशी जाणेच कठीण. पाणी वर लोटते. युक्तीचे मर्म असे, की पाणी देहाला उचलते हे युक्तिवादाने न पटविता ते माणसाला स्वतःच्या अंगाने अनुभवू द्यावे. अंड्याची अडचण वाटणाऱ्याने पांढरी गारगोटी घ्यावी. अडचण दुसरीच आहे : विहिरीला असा उतरता काठ नसतो. पहिल्या पावलालाच दोन परस पाणी. म्हणून जी जागा पोराला मानवत असे, ती प्रौढाला मानवत नाही. त्याला तळ माहीत असलेले, छातीभर, स्वच्छ पाणी हवे आणि जवळ जाणता सोबती हवा. धरणाच्या पाणफुगवट्यातील गाळ आणि अकस्मात येणारे खड्डे पाहता ती जागाही आरंभासाठी वर्ज्य समजावी.

शिकविणाऱ्याच्या भाषेचाही येथे संबंध येतो. ‘हात मार’, ‘पाय मार’, ‘पोह’ या आज्ञा मराठीत सहज होतात. ‘तरंग’ ही आज्ञा मात्र कानाला विचित्र लागते, कारण तरंगणे हे कर्त्याच्या इच्छेने होणारे कर्म नव्हे. ‘घसरणे’, ‘दिसणे’ यांप्रमाणे ते घडते. आणि प्रौढाने शिकावयाचे असते नेमके तेच. पोहणाऱ्यांच्या नित्याच्या बोलण्यात यावर तोड आहे : ‘अंग सोड’. श्वास सोडणे, अंग सोडणे, काठ सोडणे या तीन आज्ञा एकाच क्रियापदाच्या आहेत, आणि त्यांचा क्रमही हाच असावा. विहिरीवरच्या पोराला यांतली एकही द्यावी लागत नसे. त्याचे अंग मुळात सैलच असे.

वय वाढल्यावर देह नवी शिस्त स्वीकारत नाही, या समजुतीला महाराष्ट्रातच एक ठळक उत्तर आहे. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि पुढे ते जलतरणाकडे वळले. १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर मुक्त शैलीत त्यांनी सुवर्णपदक मिळविले. त्या स्पर्धांतील भारताचे ते पहिले सुवर्णपदक होय. अर्थात सैनिकाच्या कसलेल्या शरीराची तुलना शेतकऱ्याच्या वा कारकुनाच्या शरीराशी करताना तारतम्य ठेवले पाहिजे.

स्त्रियांचा प्रश्न निराळा आहे. धुणे, पाणी भरणे, शेतीला पाणी देणे यांमुळे पाण्याच्या काठावर त्यांचा वावर नित्याचा. पोहण्याची संधी मात्र तुरळक. ओले लुगडे पायांत गुंडाळले जाते आणि हालचाल थांबविते. त्यांच्यासाठी वेगळी वेळ, सुटसुटीत पोशाख आणि शिकविणारी स्त्री या तीन गोष्टींवाचून प्रौढ जलतरणशिक्षणाची चर्चा अर्धीच राहील.

शेवटी शेततळ्याविषयी. त्याच्या उतरत्या बाजूंवर प्लास्टिकचे अस्तर असते. ते ओले झाले, शेवाळले, की त्यावर पाय ठरत नाही. पट्टीचा पोहणाराही काठापाशी येऊन घसरत राहतो, थकतो आणि बुडू शकतो. येथे पोहता येणे पुरेसे नाही. तळ्याच्या चारही बाजूंना काठावरील खुंटाला पक्का बांधलेला, हातभर अंतरावर गाठी मारलेला आणि पाण्यापर्यंत पोहोचणारा दोर कायम सोडलेला असावा. कोणी बुडत असल्यास नुकत्याच शिकलेल्याने उडी घेऊ नये. घाबरलेला माणूस वाचविणाऱ्याच्या गळ्याला मिठी मारतो आणि एकाऐवजी दोघे जातात. काठावर पालथे पडून दोर, वेळूची काठी किंवा लुगड्याचा पदर टाकावा, रिकामा कॅन फेकावा, आणि हाका मारून माणसे जमवावीत.