रात्री चालणाऱ्या आज्ञा

संगणक म्हटला की माउस आणि रंगीत खिडक्या डोळ्यांपुढे येतात. पण काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून काम करून घेण्याची जुनी रीत आजही जिवंत आहे. अशा आज्ञा ओळीने फाइलीत लिहून ठेवल्या की झाली ‘स्क्रिप्ट’. ती रात्री आपोआप चालते. लिहिणारा निवृत्त होतो, ती होत नाही!

युनिक्समधली ‘टेल’ ही आज्ञा घ्या. ‘टेल +१०’ म्हटले की फाइल दहाव्या ओळीपासून पुढे मिळे. २००१ च्या पॉसिक्स प्रमाणकाने ही रीत वगळली. ‘टेल -एन +१०’ लिहा, असा नवा दंडक आला. कारण तर्काला धरून होते: ‘+१०’ हे एखाद्या फाइलीचे नावही असू शकते. २००२-०३ च्या सुमारास ग्नूच्या साधनांनी दंडक पाळला आणि जुन्या स्क्रिप्ट ‘+१०’ नावाची फाइल शोधू लागल्या. ‘सॉर्ट’ची तऱ्हा आणखी न्यारी. जुन्या रीतीत रकाने शून्यापासून मोजत, नव्या रीतीत एकापासून. म्हणजे ‘+१’च्या जागी ‘-के २’. नुसते चिन्ह बदलून भागेना.

मी जिथे ही कामे पाहत असे, तिथे नवी आवृत्ती बसवली त्याच रात्री एक यादी कोरी निघाली. चुकीचा संदेश उमटला होता, पण कुणीही न उघडणाऱ्या नोंदफाइलीत. पुरवठादार म्हणाला, ‘बदल माहितीपत्रकात छापला होता.’ छापला होता, हे खरेच. पण स्क्रिप्ट लिहिणारे गृहस्थ चार वर्षांपूर्वी घरी बसले होते. ते माहितीपत्रक वाचायचे कुणी? पुढे दंडकाची सक्ती सैल झाली, तोवर आमची दुरुस्ती उरकली होती.

मग काहीच बदलू नये काय? तेही महाग पडते. १९७६ मध्ये बेल लॅब्जच्या स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ लिहिले. त्यात आज्ञेच्या ओळीआधी टॅब लागे, साध्या मोकळ्या जागा चालत नसत. चूक लवकरच ध्यानात आली. पण तोवर डझनभर लोक ते वापरू लागले होते, त्यांची घडी विसकटू नये म्हणून टॅब राहिला. डझनभरांची सोय पाहिली आणि पुढच्या पिढ्या न दिसणाऱ्या अक्षराला अडखळत राहिल्या.

मला २०१६ मधली ‘एलएस’ची तोड पटते. मोकळी जागा असलेल्या फाइलनावांना अवतरणचिन्हे लागू लागली, पण फक्त माणसाच्या पडद्यावर. स्क्रिप्टच्या हाती पूर्वीचेच नाव पडे. लोक तरीही चिडलेच.

‘मेक’चा टॅब मात्र जागच्या जागी आहे. २०१० मध्ये ग्नू मेकने त्याऐवजी दुसरे चिन्ह ठरवण्याची सोय दिली. ती वापरणारा मला अजून भेटलेला नाही.