बॉल पायथन पाळायचाय? आधी कागद पाहा, मग थर्मोस्टॅट

मनगटाला वेटोळे घालून शांत बसलेला ठिपकेदार साप तुम्हीही एखाद्या रीलमध्ये पाहिला असेल. तो बहुधा बॉल पायथन असतो. बिनविषारी, संथ आणि घाबरला की डोके आत घेऊन चेंडूसारखा गोळा होणारा. म्हणून हे नाव. तो अहिल्यानगरमध्ये पाळता येतो का? कायदा काय सांगतो? आणि खरी अडचण कुठे येते? जाणून घेऊ.

आपला अजगर आणि हा एकच का?

नाही. बॉल पायथन मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. लांबी साधारण ३ ते ५ फूट. आपला भारतीय अजगर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे. तो पकडणे किंवा घरात ठेवणे गुन्हा आहे. शिक्षा ३ ते ७ वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड.

मग बॉल पायथन कायदेशीर आहे का?

सरसकट बंदी नाही, पण नोंदणी बंधनकारक आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर 'साइटीस' या आंतरराष्ट्रीय करारातील प्राणी कायद्याच्या अनुसूची ४ मध्ये आले. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये नोंदणीचे नियम निघाले. आधीपासून प्राणी असलेल्यांना सहा महिन्यांची मुदत होती, ती संपली आहे. आता प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत 'परिवेश २.०' पोर्टलवर नोंद करावी लागते. पिल्ले झाली, साप दुसऱ्याला दिला किंवा तो मेला, तरी कळवावे लागते.

विकणाऱ्याकडे नोंदणीचे कागद नसतील तर व्यवहार तिथेच थांबवा. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात बिस्किटे आणि केकच्या पाकिटांत लपवलेले ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक सापडले होते. विनाकागद 'स्वस्त' साप अशाच वाटेने आलेला असू शकतो.

नगरच्या हवेत तो टिकेल का?

साप स्वतःच्या शरीराची उष्णता तयार करत नाही, ती बाहेरून घेतो. त्याच्या पेटीत एक बाजू ३१ ते ३३ अंश आणि दुसरी २४ ते २७ अंश हवी. आर्द्रता ५५ ते ६५ टक्के.

आता आपला जिल्हा पाहा. मे महिन्यात पारा चाळिशीपार, थंडीच्या लाटेत रात्री १० अंशांच्या खाली आणि वर्षातले बरेच महिने हवा कोरडी. म्हणून हीटिंग पॅड लागतेच, पण ते थेट प्लगला लावू नका. थर्मोस्टॅटशिवाय पॅड तापतच राहते आणि सापाचे पोट भाजते. लाइट जाते त्या रात्रींसाठी इन्व्हर्टर ठेवा. उन्हाळ्यात पेटी खोलीतल्या सर्वांत थंड कोपऱ्यात हलवा.

पेटीत आणखी काय हवे?

मोठ्या सापासाठी सुमारे ४ फूट लांब, २ फूट रुंद पेटी. उबदार आणि थंड अशा दोन्ही बाजूंना लपायला एकेक जागा, पाण्याचे जड भांडे आणि घट्ट कडी. फट दिसली की साप निसटलाच म्हणून समजा.

खायला काय द्यायचे?

उंदीरच. दूध नाही, अंडी नाहीत, चिकनचे तुकडेही नाहीत. फ्रीझरमधला मेलेला उंदीर पूर्ण वितळवून, कोमट करून द्या. जिवंत उंदीर सापालाच चावतो. उंदराची जाडी सापाच्या सर्वांत जाड भागाएवढी असावी. पिल्लाला आठवड्यातून एकदा, मोठ्याला दोन ते चार आठवड्यांनी. खाल्ल्यावर ४८ तास हात लावू नका.

कात टाकण्याआधी डोळे निळसर होतात, तेव्हा तो खात नाही. थंडीतही काही आठवडे उपाशी राहतो. वजन टिकून असेल तर घाबरू नका. तोंड उघडे ठेवून श्वास घेत असेल किंवा तोंडातून फेस येत असेल, तर मात्र लगेच डॉक्टर गाठा. सापांवर उपचार करणारा पशुवैद्यक साप आणण्याआधीच शोधून ठेवा.

शेतात 'अजगराचे पिल्लू' दिसले तर?

हात लावू नका. उसात किंवा गवतात दिसणारे 'पिल्लू' अनेकदा विषारी घोणस असते. दोघांचेही अंग जाड आणि ठिपकेदार, त्यामुळे फसगत होते आणि ती जिवावर बेतते. लांब राहा, वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. दंश झाल्यास १०८ ला फोन करून थेट सरकारी रुग्णालय गाठा.

घेण्याआधी एक हिशेब

बॉल पायथन २० ते ३० वर्षे जगतो. अमेरिकेतील सेंट लुईस प्राणिसंग्रहालयात २०२० मध्ये साठी ओलांडलेल्या मादीने ७ अंडी घातली होती. आज बारावीत साप आणणाऱ्याला शिक्षण, नोकरी, लग्न आणि घरबदल या सगळ्यात तो सांभाळावा लागेल. कंटाळा आला म्हणून रानात सोडता येणार नाही. तिथे तो मरेल किंवा परके आजार इथल्या सापांना देईल. एवढी तयारी नसेल, तर रील पाहून पुढे सरकलेलेच बरे.