गवतावरची बर्फगाडी
यंत्र आणि जमीन : लेखांक १४

मागच्या लेखांकात चेनवर चालणाऱ्या हार्वेस्टरचा विषय झाला. सोयाबीन काढणीच्या तोंडावर पाऊस पडला की चाकाचं हार्वेस्टर काळ्या रानात रुतून बसतं आणि चेनचं त्याच रानातून निघून जातं, कारण त्याचं वजन लांबरुंद पट्ट्यावर पसरलेलं असतं. जमिनीत न रुतणं हा पट्ट्याचा गुण. आज ज्या गाडीबद्दल लिहितोय तिलाही हाच गुण जन्मजात आहे, आणि शर्यतीच्या दिवशी तिचा मालक तोच गुण मोडून काढतो. त्याला गाडी जमिनीत दात रोवणारी हवी असते.

स्नोमोबाइल म्हणजे पुढे दोन घसरपट्ट्या, मागे रुंद रबरी पट्टा आणि वर मोटारसायकलसारखं सीट नि हँडल. कॅनडातल्या व्हॅलकोर्ट गावच्या जोसेफ-आर्मांड बोम्बार्डिए यांनी १९५९ साली ‘स्की-डू’ बाजारात आणली आणि ही छोटी बर्फगाडी घरोघर पोचली. आपल्याकडे ती गुलमर्गला पर्यटकांना फिरवते आणि उंच पहाडांत लष्कराच्या कामी येते. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात मात्र लोकांना बर्फ पडेपर्यंत दम निघत नाही. तिथल्या नॉर्थ ब्रँच गावाजवळ ‘स्नो बॅरन्स’ हा क्लब दर सप्टेंबरात ‘हे डेज’ भरवतो. ही परंपरा १९६७ पासूनची. आपल्या रानात सोयाबीनच्या शेंगा भरत असतात तेव्हा तिकडे गवताच्या सपाट रानावर बर्फगाड्या शेजारीशेजारी उभ्या राहतात आणि दिवा हिरवा झाला की सुटतात. अंतर साधारण ५०० फूट, म्हणजे जेमतेम दीडशे मीटर. शंकरपटातली बैलांची शर्यत पाहिलेल्याला वेगळं सांगायला नको, एवढ्या अंतरात सुटताना झालेली चूक भरून काढायला वेळच उरत नाही.

म्हणून गवतासाठी गाडी तयार करताना इंजिनाला शेवटी हात लावावा, असं माझं मत आहे. सहाशे सीसीच्या आजच्या इंजिनात सव्वाशे अश्वशक्तीच्या आसपास ताकद असतेच. ती जमिनीपर्यंत पोचते कशी, यावर शर्यत ठरते, आणि पोचवायचं काम क्लच करतो.

हा क्लच समजून घ्यायला मिनेसोटाला जायची गरज नाही. आपल्या जवळा बाजार गावातल्या कुठल्याही स्कूटरच्या गॅरेजात डाव्या बाजूचं झाकण उघडलेली गाडी दिसली की थोडं थांबा. पुढे एक पुली, मागे एक पुली, मध्ये व्ही आकाराचा बेल्ट. इंजिन फिरू लागलं की पुढच्या पुलीतले रोलर बाहेर फेकले जातात, पुलीच्या दोन चकत्या जवळ येतात, बेल्ट वर चढतो आणि गिअर न टाकता गाडी वेग घेते. हॉलंडच्या हुब व्हान डोर्न यांनी हीच युक्ती १९५८ साली डाफच्या मोटारीत बसवून दाखवली. आपल्याकडे ती १९८४ मध्ये कायनेटिक होंडामधून आली. नगरच्या फिरोदियांची कायनेटिक आणि जपानची होंडा यांनी मिळून काढलेली ही ९८ सीसीची, बिनगिअरची, बटणावर सुरू होणारी स्कूटर होती. साडी नेसलेल्या बायका आणि गुडघे दुखणारे गुरुजी तिच्यामुळे निर्धास्त गाडी चालवू लागले. आजची बिनगिअरची स्कूटर त्याच वाटेने चालते, आणि बर्फगाडीसुद्धा.

फरक एवढाच, की स्कूटरमध्ये गाडी सुटण्यासाठी मागच्या पुलीपाशी वेगळा क्लच असतो. बर्फगाडीत पुढची पुली दोन्ही कामं करते. इंजिन सावकाश फिरत असताना तिच्या चकत्या बेल्टला धरतच नाहीत. ठरावीक फेऱ्यांवर त्या बेल्ट पकडतात आणि गाडी उसळते. ही पकड किती फेऱ्यांवर बसावी, हा गवतावरच्या तयारीतला सगळ्यात नाजूक निर्णय. पुढची स्प्रिंग कडक घातली तर पकड उशिरा, चढ्या फेऱ्यांवर बसते आणि इंजिन ताकदीत असतानाच गाडी सुटते. फार कडक घातली तर पट्टा जागच्या जागी गरगरतो, गवत उपटून मागे फेकतो आणि शेजारचा निघून जातो.

पुढचा हिशेब वजनांचा. रोलरच्या जागी इथे झुलत्या वजनांचे हात असतात. वजन जड केलं की इंजिन कमी फेऱ्यांवर चालतं, हलकं केलं की जास्त. बहुतेक टू-स्ट्रोक इंजिनांची खरी ताकद मिनिटाला आठ हजार फेऱ्यांच्या आसपासच्या एका अरुंद पट्ट्यात असते. गाडी सुटल्यापासून शेवटच्या रेषेपर्यंत फेऱ्यांचा काटा त्याच पट्ट्यात राहिला पाहिजे. तो वर गेला तर वजन वाढवायचं, खाली पडला तर कमी करायचं. मागच्या पुलीत तिरप्या खाचेचा एक तुकडा असतो, त्याला हेलिक्स म्हणतात. त्याचा कोन उभा केला तर बेल्ट लवकर वरच्या वेगाकडे सरकतो. एका वेळी यातली एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहून ठेवायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फायदा कशाने झाला ते कळत नाही. शिवाय पाचशे फुटांत गाडीला सर्वोच्च वेग गाठायचाच नसतो, म्हणून वरचं स्प्रॉकेट लहान घालतात. टोकाचा वेग घटतो, उचल वाढते.

आता पट्टा. बर्फासाठी त्यावर रबराचे उंच खवले असतात. वाढलेल्या गवतावर ते घसरतात, म्हणून पट्ट्याला पोलादी टोकदार खिळे आरपार बोल्टने बसवतात. खिळे मुळांच्या जाळ्यात घुसतात. मात्र त्यातला एखादा सैल होऊन सुटला तर गोळीसारखा मागे येतो. मागची जाड झडप, छातीला कवच, चालक खाली पडताच इंजिन बंद करणारी दोरी आणि सुटणाऱ्या गाडीच्या मागे कोणीही उभं न राहण्याचा नियम यांत तडजोड नको.

सुटताना वजन मागे जातं आणि पट्टा दाबला जातो. ते किती जावं, हे मागच्या सस्पेन्शनच्या पुढच्या भागातला एक वेगळा, साधा पट्टा ठरवतो. तो लांब ठेवला तर गाडीचं तोंड वर येतं. घसरपट्ट्या जमिनीपासून थोड्या उचलल्या तर उत्तम. जास्त उचलल्या तर ताकद आकाशाकडे जाते आणि हँडल नुसतं हातात राहतं.

बर्फ नसल्याने आणखी दोन अडचणी येतात, आणि त्या मला सगळ्यात उद्बोधक वाटतात. या गाडीचं पाणी थंड होतं ते पट्ट्याने उडवलेल्या बर्फामुळे. ज्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवरून पट्टा सरकतो, त्यांचं वंगणही बर्फच. गवतावर हे दोन्ही नाहीत. जास्त वेळ चालवली तर प्लास्टिक वितळतं आणि इंजिन तापतं. म्हणून आधाराची चाकं वाढवतात, आणि दोन धावांच्या मध्ये बर्फ घातलेलं पाणी पंपाने इंजिनातून फिरवतात.

हवेचंही तसंच. उणे वीस अंशांत हवा दाट असते, म्हणून कार्बोरेटरला मोठे जेट लागतात. सप्टेंबरच्या उबदार हवेत तेच जेट ठेवले तर इंजिन पेट्रोलने गुदमरतं. जेट लहान करावे लागतात, पण हाव धरून फार लहान केले तर पिस्टन जाम होतो. आरएक्स १०० मोटारसायकलवाल्यांनी हा अनुभव घेतलेला आहे.

जवळा बाजारच्या शिवारात ही गाडी चालेल का? आपली काळी जमीन ओली असली की फुगते आणि चिकटते, वाळली की भेगाळते. ओल्या रानात खिळ्यांमध्ये चिखल भरून पट्टा गुळगुळीत होईल, उन्हाळ्यात ढेकळांवर गाडी उड्या मारेल. मधले वापशाचे थोडेच दिवस तिचे. त्यातही कधी न नांगरलेलं, दाट गवताचं गायरान हवं, कारण खिळे मातीपेक्षा मुळांनाच धरतात. पहिल्या काही धावांनंतर धावेची पट्टी उखडली की पुढच्याने शेजारची, शाबूत गवताची पट्टी मागून घ्यावी.

तुमची स्कूटर उचल घेताना हिसका देत असेल तर पुढच्या पुलीतले, म्हणजे व्हेरिएटरचे रोलर काढून पाहा. झिजून एका बाजूने चपटा झालेला रोलर सरळ सरकत नाही, अडखळतो. बदलताना सगळे रोलर एकदम आणि एकाच वजनाचे घाला.

पुढच्या आठवड्यात भातखाचरातली पिंजऱ्याची चाकं.