सर्व्हर बंद कसा करायचा? शटर अर्ध्यावर ओढून!

आज सर्व्हर बंद करण्याबद्दल बोलूया. चालू तर काय, सगळेच करतात.

समजा, कुणीतरी तुमच्या ॲपवर तिकीट काढतंय. खात्यातून पैसे गेले, आता फक्त बुकिंगची नोंद डेटाबेसमध्ये पडायची बाकी आहे. आणि नेमकं तेव्हाच तुम्ही नवीन व्हर्जन डिप्लॉय केलं. जुनी प्रोसेस जागच्या जागी मेली. पैसे गेले, तिकीट नाही. तो माणूस शिव्या घालणार आणि त्याचं काही चुकत नाही.

लिनक्समध्ये प्रोसेसला "आवर आता" हे सिग्नलने सांगतात. कंट्रोल-सी दाबलं की सिगइंट जातो, नंबर 2. डॉकर, कुबरनेटीस सहसा सिगटर्म पाठवतात, नंबर 15. हे दोन्ही प्रोग्रॅमला पकडता येतात. नंबर 9 म्हणजे सिगकिल, तो पकडताच येत नाही. वेगळं काही सेट केलं नसेल तर डॉकर 10 सेकंद वाट बघतो, कुबरनेटीस 30, आणि मग थेट 9 नंबर. आवराआवरीला वेळ तेवढाच.

मी गो वापरतो, म्हणून त्याचंच सांगतो. त्याच्या नेट-एचटीटीपी लायब्ररीत 2017 साली, 1.8 व्हर्जनमध्ये, शटडाउन ही मेथड आली. ती नवीन कनेक्शन घेणं थांबवते, रिकामी बसलेली बंद करते आणि चालू रिक्वेस्ट संपेपर्यंत थांबते. रात्री दुकानदार शटर अर्ध्यावर ओढून आतल्या गिऱ्हाइकांची बिलं करतो ना, अगदी तसं. पण मेख ऐका. शटडाउन बोलावल्याबरोबर लिसन-अँड-सर्व्ह लगेच परत येतं. त्यानंतर मेन फंक्शन संपलं, तर आतली गिऱ्हाइकं तशीच राहिली! म्हणून शटडाउन परत येईपर्यंत मेनला थांबवायचं, आणि त्याला 20-25 सेकंदांचा टाइमआउट द्यायचा. वेबसॉकेट असतील तर ती शटडाउन बघत नाही, ती तुमची तुम्ही बंद करायची.

आता एक्सेप्शन. गोमध्ये हँडलर पॅनिक झाला तर लायब्ररी सावरून घेते, सर्व्हर चालू राहतो. युजरला मात्र 500 मिळत नाही, कनेक्शनच तुटतं. त्यामुळे स्वतःचं रिकव्हर मिडलवेअर लावाच. आणि हँडलरमधून तुम्ही वेगळी गोरुटीन सोडलीत, ती पॅनिक झाली, की अख्खी प्रोसेस खल्लास. तिथे ना लायब्ररी वाचवते, ना मिडलवेअर.

पायथनवाल्यांनो, तुमच्यासाठी एकच. नुसतं 'एक्सेप्ट' लिहू नका, ते कंट्रोल-सी पण गिळतं. 'एक्सेप्ट एक्सेप्शन' लिहा.

करून बघायचंय? हँडलरमध्ये 10 सेकंदांची झोप टाका, कर्लने रिक्वेस्ट मारा आणि मध्येच कंट्रोल-सी दाबा. कर्लला पूर्ण उत्तर मिळून मग सर्व्हर बंद झाला, तर जमलं. डॉकरमध्ये एक्झिट कोड 137 दिसला तर समजा, 128 अधिक 9. एकतर वेळ संपली, नाहीतर मेमरी.